खाऱ्या कालव्याची राखण

सौदीहून आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. उंट पाहिला का, आणि सोनं आणलं का. उंट पाहिला नाही. सोनं आणलं नाही. मी तिथे कालवा पाहिला, आणि कालव्याविषयी कोणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन आमच्या शाळेतल्या बाईंनी तपासलंय. त्यांनी काही ठिकाणी माझं बोलणं गोड करून ठेवलं होतं. ते मी खोडून पुन्हा होतं तसं केलं.

मी पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होतो. नोकरी लागली त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत फलटणकडच्या एकाच कालव्याच्या भरावावरून चाललो. काम एकच, पाणी कोण चोरतंय ते बघायचं. रात्रीतून सायफनचा पाइप टाकणारे, भरावाला भोक पाडून वर गवत लावणारे, चारीचं दार बोटभर उचलून ठेवणारे, सगळे मी धरलेत. त्यात माझे दोन मेहुणेही होते. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत. ज्याला संशय येत नाही त्याच्या कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही.

माझा थोरला, संजय, यान्बूला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. यान्बू म्हणजे तांबड्या समुद्राच्या काठचं कारखान्यांचं गाव. "आण्णा, एकदा येऊन जा," असं तो बरीच वर्षं म्हणत होता. यंदा त्यानं तिकीटच काढून पाठवलं. यंदाच एवढा आग्रह का, हे माझ्या मनात आलंच. आमची मंडळी आली नाही. म्हशीला कोण बघणार, म्हणाली. खरं तर तिला विमानाची भीती वाटते. ती ते बोलणार नाही आणि मीही तिला विचारणार नाही.

उतरल्यावर

विमानातलं काही सांगत नाही, बसून होतो.

तिथल्या साहेबानं माझा पासपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पासपोर्ट. फोटोत माझ्या डोक्यावर टोपी नाही आणि समोर उभा होतो तो टोपी घालून. त्यानं बोटानं खूण केली, काढ. काढली. मग म्हणाला, ठीक. मी परत घातली तर तो परत बघायला लागला. त्या माणसाबद्दल मला आदर वाटला. आपलं काम तो मन लावून करत होता.

संजय न्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "आण्णा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो."

"सांग."

"माझा जुना प्लांट बंद होतोय. नव्या प्लांटला कोणाला घ्यायचं ते याच महिन्यात ठरणार आहे. घेतलं नाही तर इकामा खलास. मी, मनीषा, सई, सगळ्यांनी सामान बांधून घरी यायचं."

"मग?"

"तुम्ही माझ्या नावावर इथे आलायत. तुम्ही काही केलंत तर विचारणार मला."

"मी काय करणार?"

"ते मला माहीत नाही, म्हणून तर सांगतोय," संजय म्हणाला.

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तो गेला की माणूस गेला. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. लांब कारखान्यांच्या धुराड्यांवर ज्योती पेटलेल्या, दुसऱ्या बाजूला तपकिरी डोंगर, आणि मध्ये सगळं सपाट, परातीसारखं. गावी सगळ्यांना सांगून आलो होतो, पोरगा सौदीत साहेब आहे म्हणून. तो सामान बांधून परत आला तर मी एसटी स्टँडवर कसा बसणार, हेच डोक्यात.

घर चांगलं आहे. खिडक्या मात्र उघडत नाहीत. जेवायला टेबल, पाय लोंबकळत ठेवून जेवायचं. सून मनीषा माझं सगळं नीट करायची, भाकरीसुद्धा. नात सई माझ्याशी मराठी बोलते असं मला सांगितलं होतं. "आजोबा, डोन्ट टच दॅट," एवढं तिचं मराठी. दिवसभर त्या घरात मी कशालाही हात लावायचा नाही असं ठरल्यासारखं होतं. म्हणून संजय म्हणाला, सकाळी कालव्यावर फिरायला जात जा.

कालवा हा शब्द ऐकला आणि मी जेवताना थांबलो.

कालवा

खरं तर ते दोन कालवे आहेत, शेजारी शेजारी. एकातून समुद्राचं पाणी कारखान्यांकडे जातं, यंत्रं थंड करायला. दुसऱ्यातून तेच पाणी तापून समुद्रात परत येतं. दोन्हींच्या मधोमध रुंद भराव, भरावावर फरशीची वाट. वाटेला चढ नाही, उतार नाही, वळणसुद्धा नाही. कडेनं खजुराची झाडं आणि प्रत्येकाच्या बुडाशी ठिबकची नळी. काठ दगडांनी बांधलेला. त्यात एक दगड हललेला मला सापडला नाही.

पण कालवा म्हटला की त्याला चाऱ्या पाहिजेत, दारं पाहिजेत, खाली ऊस नाहीतर ज्वारी पाहिजे. इथे पाणी येतं, यंत्राच्या पोटातून फिरतं आणि आलं तसं जातं. कोणाचं काही भिजत नाही. पाळी नाही, आवर्तन नाही, कालवा कायम काठोकाठ. असल्या कालव्यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला नाही.

पाणी खारं आहे असं सांगितलेलं. सांगितलेलं मी धरत नाही. दगडांवरून खाली उतरलो, ओंजळीत घेतलं, चाखलं. खारंच होतं, आपल्या समुद्राहून जास्त. थुंकलो आणि कोणी बघितलं का ते बघितलं. एक बगळा बघत होता. पाणी एवढं नितळ की तळाशी निळे-हिरवे मासे दिसत. आमच्याकडे आवर्तन संपलं की डबक्यातले मासे धरायला अख्खं गाव कालव्यात उतरतं. इथे मासे बिनघोर फिरत होते, जसे काही तेच खात्यात नोकरीला.

वाटेत जुन्या काळातली यंत्रं ठेवलीयत. पंप, व्हॉल्व्ह, माझ्या उंचीची चाकं. सगळ्यांना हिरवा रंग देऊन ओट्यावर बसवलंय, पुढे पाट्या. पहिला कारखाना बांधला तेव्हाचं गंजलेलं धुराडंही पाडलेलं नाही, भोवती कुंपण घालून उभं ठेवलंय. आमच्याकडे साखर कारखाना बंद पडला तेव्हा बघता बघता त्याचे पत्रेसुद्धा राहिले नाहीत, भिंतीच्या विटा लोकांच्या गोठ्यांत निघाल्या. इथे भंगार उभं ठेवलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं मला वाटलं. एका पंपाच्या तोंडात हात घालून बघितला. काही नव्हतं. आतपर्यंत रंग मात्र होता. कोणी बघणार नाही तिथेही रंग देणारा माणूस एक तर फार प्रामाणिक असतो, नाहीतर त्याला काहीतरी झाकायचं असतं.

फिरायला बरीच माणसं येत. पळणारे फिलिपिनो, कानात वायर घातलेले आपले लोक. "गुड मॉर्निंग अंकल," म्हणत. ओळख ना पाळख. मी मान हलवायचो, थांबायचो नाही. शुक्रवारी सौदी लोक बायकापोरांसह येऊन काठावर सतरंजी टाकून बसत, थर्मासातून चहा ओतत. एकदा त्यातल्या एकानं मला हाक मारून खजूर पुढे केला. मी तो घेतला, खिशात टाकला, घरी आणून धुऊन खाल्ला. चांगला होता. आणखी घ्यायला हवे होते.

रोज टोकापर्यंत जायचो आणि यायचो. एवढ्या लांबीत एक पाइप नाही, एक मोटार नाही, भरावाला एक भोक नाही. संजयला वाटायचं आण्णा खूश आहेत. मी मुळीच खूश नव्हतो. जिथे चोरी दिसत नाही तिथला चोर हुशार असतो.

पिवळी पाटी

वाट संपते तिथे आडवी साखळी आहे आणि पिवळी पाटी, तिच्यावर उघडा पंजा. पलीकडे जुनं पंपघर, आता बंद. "पाटीपर्यंत सगळ्यांना मोकळं आहे," संजयनं बजावलं होतं. "पुढची जागा कारखान्याची. तिथे सिक्युरिटी फिरते. पुढे पाऊल टाकायचं नाही."

टाकलं नाही. पण पाटीपाशी फरशीवर मला ओल दिसली. थेंबांची रांग, पंपघराच्या अंगानं येऊन साखळीखालून गाड्या लावायच्या जागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. पाणचोर पाणी लपवू शकतो, ओल लपवू शकत नाही.

मग मी जरा लवकर निघायला लागलो आणि तो मला दिसला. माझ्याच वयाचा सौदी. पांढरा पायघोळ झगा, डोक्याला लाल चौकड्यांचं फडकं, हातात भरलेला निळा कॅन. साखळी ओलांडून आला, माझ्याकडे बघितलं नाही, कालव्याकडेही बघितलं नाही. कॅन जुन्या पिकअप गाडीत ठेवून निघून गेला. कालव्याकडे बघत चालणारा माणूस सरळ असतो. मान वळवून चालतो तो आपला चोर.

जेवताना मी विषय काढला.

"आण्णा, खारं पाणी कोण चोरेल?" संजय म्हणाला.

"खारं आहे म्हणून राखण नाही. राखण नाही म्हणून चोरी."

"चोरून करणार काय तो त्याचं?"

"तेच त्याला विचारायला हवं."

"अजिबात विचारायचं नाही. तो इथला माणूस आहे. त्याच्या देशातला समुद्र, तो अंघोळ करू दे नाहीतर लोणचं घालू दे. माझं नाव अजून यायचंय, आण्णा."

"आण्णा, भाजी घ्या," मनीषा म्हणाली. म्हणजे आता गप्प बसा.

मी भाजी घेतली. पण माझा विचार थांबला नाही. उद्या ही चोरी उघडकीला आली तर ते कोणाला धरतील? चोरी कळली की आधी बाहेरगावच्या माणसाला धरतात, हे सगळ्या गावांत सारखंच. रोज तिथे कोण फिरत होता? मी. मी कोणाच्या नावावर आलेलो? संजयच्या. तेव्हा चोर पकडणं यात संजयचंच भलं होतं. हे मी त्याला समजावलं नाही. त्याला पटलं नसतं.

पाटीच्या पलीकडे

चौकीदार कधी सरळ वाटेनं जात नाही. मी साखळी ओलांडली नाही, भरावाच्या कुशीनं दगडांवरून आडवा गेलो. गुडघा बोंबलत होता. एक बूट पाण्यात गेला. पंपघराच्या भिंतीआड जाऊन बसलो.

तो आला. कॅनच्या मुठीला दोर बांधला आणि परत जाणाऱ्या पाण्याच्या कालव्यात सोडला. कॅन भरून वर येतोय तोवर मी त्याच्या मागे उभा.

"पानी क्यूं लेता है?"

तो दचकला नाही. मान वळवून माझ्या टोपीकडे बघितलं. "तू कौन?" त्याला हिंदी येत होतं, मोडकंतोडकं, माझ्याइतकंच.

"मैं कौन वो छोड. ये पानी सरकारका है."

"पानी अल्लाह का. पंप सरकार का."

"पंप सरकारका तो पानीबी सरकारका. कागद दिखाव."

"तू दिखा कागज," तो म्हणाला.

माझ्याकडे कुठला कागद. मी दोर धरला. त्यानं सोडला नाही. दोघं म्हातारे, दोघंही हट्टी, दोर इकडे-तिकडे. मध्येच गाठ सुटली आणि कॅन पाण्यात पडला, आडवा झाला आणि समुद्राच्या दिशेनं चालायला लागला. मी तो धरायला गुडघ्यावर बसून हात घातला. हाती लागला नाही. पण पाणी कोमट होतं, अंघोळीला काढावं तसं.

"गरम है," मी म्हणालो.

"गरम है," तो म्हणाला. "उम्म सालेम का घुटना खराब. चल नहीं सकती. रोज इस पानी में पैर."

उम्म सालेम म्हणजे सालेमची आई, म्हणजे त्याची बायको. तिकडे बायकोचं नाव परक्यापुढे घेत नाहीत, पोराच्या नावानं सांगतात. आमच्या पिढीनंही कुठे घेतलं? मी अजूनही मंडळीच म्हणतो. हा स्वतः अबू सालेम, सालेमचा बाप. बंद पडायच्या आधी तो याच पंपघरात कामाला होता, आपल्याकडच्या आणि पाकिस्तानातल्या फिटरांबरोबर. हिंदी तिथलंच. पाणी न्यायची त्याला सूट आहे, असं तो म्हणाला. माझा विश्वास बसत होता आणि बसत नव्हता, एवढ्यात गाडीचा आवाज आला.

सिक्युरिटीवाला तरणा होता, दाढी कोरलेली. उतरला तो माझ्याकडेच आला. "इकामा?"

"नहीं."

"पासपोर्ट?"

"घरमें."

"कफील कौन? किधर काम? बेटा है?"

कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण तिथे आहोत तो. माझ्या तोंडात संजयचं नाव आलं होतं, ते मी गिळलं. जन्मभर मी दुसऱ्याला हेच विचारत आलो, कोणाचा रे तू, नाव सांग बापाचं. आता माझ्या पोराचं नाव माझ्याकडून काढायला बघत होते. मी समुद्राकडे बघत उभा राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा समुद्राकडे. माझा बूट ओला, धोतराचं टोक ओलं, आणि बोलणं बंद. मी त्याच्या जागी असतो तर असल्या माणसाला सोडला नसता. त्यानं कमरेचा वायरलेस काढला.

तेव्हा अबू सालेम म्हणाला, "दैफी."

तरणा थांबला. दोघं अरबीत बोलायला लागले. अबू सालेमनं मान माझ्याकडे वळवली. "मैं बोला, तू मेरा मेहमान."

ज्याला मी आत्ताच चोर म्हणालो होतो, ज्याचा कॅन समुद्रात घालवला होता, तो म्हणत होता मी त्याचा पाहुणा. याला यातून काय मिळणार, हाच विचार माझ्या डोक्यात आधी आला. खोटं का सांगू.

तरण्यालाही ते पटलेलं दिसत नव्हतं. पाहुणा, आणि कोणाच्या नावावर आला ते सांगत नाही? अबू सालेमनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, आमच्याकडे कॉफीची वेळ झालीय, तूही चल. तिथे पाहुणा म्हटलं की त्याला घरी न्यावंच लागतं, नुसतं तोंडानं म्हणून भागत नाही. तरणा गाडीत बसला आणि आमच्या पिकअपच्या मागे मागे यायला लागला, पाहुणा खरोखर घरात जातो का ते बघायला. संशयी माणूस तिथे मी एकटा नव्हतो.

अबू सालेमच्या घरी

घराच्या पुढच्या खोलीत गालिचा आणि भिंतीला तक्के. यान्बूत आल्यापासून मी पहिल्यांदा जमिनीवर मांडी घालून बसलो. एक पाय पसरून, पण बसलो.

कॉफी पिवळी. दूध नाही, साखर नाही, वेलदोड्याचा वास. वाटी चिमणीला पाणी ठेवावं एवढी. प्यालो, त्यानं लगेच भरली. प्यालो, परत भरली. मला शंका यायला लागली की मला गुंगवून बोलतं करतायत. शेवटी तरण्यानं स्वतःची वाटी बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवली. म्हणजे पुरे. ती खूण केल्याशिवाय थांबत नाहीत ते.

मग त्यानं विचारलं. हिंदी त्याला थोडंच येत होतं. "अबू सालेम को कब से जानता?"

अबू सालेम वाटीत बघत राहिला. माझ्यावर होतं सगळं.

"आया तबसे," मी म्हणालो. "रोज देखता हूं."

यात एक शब्द खोटा नव्हता. तरणा माझ्याकडे बघत राहिला. मग अबू सालेमला हसू आलं, इतकं की त्याला खोकला लागला, आणि तरण्यानं उठून त्याला पाणी दिलं. त्यानंतर तो मला काही विचारायचा राहिला.

पडद्याआडून बाईचा आवाज आला. अबू सालेम म्हणाला, विचारतेय, तुझी घरवाली कुठे? म्हटलं, घरी, म्हशीपाशी. तिचेही गुडघे गेलेत, धारा काढायला उकिडवं बसून बसून. हे त्यानं पडद्याकडे तोंड करून सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. तो म्हणाला, कोमट पाण्यात पाय ठेवायला सांग तिला.

"घरमें पानी गरम करके नमक डालो तो नहीं चलता?" मी विचारलं. कॅन, दोर, साखळी, रोजची खेप, एवढं कशाला, हे मला अजून पटलेलं नव्हतं.

"मैं बोला उसको," अबू सालेम म्हणाला. "बोली, नहीं. वो पानी उसके आंगन का है."

कारखाना यायच्या आधी कालव्याच्या तोंडाशी कोळ्यांची थोडी घरं होती. ती तिथली. घरं गेली, पाणी तेवढं तिथून येतं.  धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं मी बघितलीयत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की स्वतःच्या घराची जोती बघायला जातात.

मग जेवण आलं. एकच मोठं ताट, तपकिरी भात, वर अख्खा मासा, बाजूला लिंबू. तिघांनी त्याच ताटात जेवायचं. आमच्याकडे लग्न झाल्यावर सख्खे भाऊसुद्धा एका ताटात जेवत नाहीत. आणि मी देशावरचा माणूस, माशाच्या काट्याला भिऊन असतो. तरण्याच्या ते लक्षात आलं. त्यानं मासा सोडवून, काटे काढून, तुकडे माझ्या बाजूच्या भातावर ठेवायला सुरुवात केली. मला पकडायला आलेला माणूस मला भरवत होता. मी प्रत्येक तुकडा आधी बोटांनी दाबून बघितला. एकातही काटा निघाला नाही.

निघताना तरण्यानं विचारलं, घर कुठे, सोडतो. घर कळलं की संजय कळणारच. अबू सालेम म्हणाला, पाहुणा माझा, मी सोडीन.

त्याच्या पिकअपमध्ये बसल्यावर मी म्हणालो, "कोनेपे उतारो. घरतक नहीं."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. बेटा कोण तेही विचारलं नाही. कोपऱ्यावर उतरवलं आणि हात वर करून गेला.

संजय घरीच होता. "कुठे होतात एवढा वेळ?"

"फिरत होतो."

"जेवायचं थांबलोय."

"भूक नाही."

मी जवळून गेलो तसा तो म्हणाला, "आण्णा, हाताला माशाचा वास येतोय."

"समुद्र आहे ना इथे," मी म्हणालो.

राखण

दुसऱ्या दिवशी मनीषाच्या स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा रिकामा कॅन उचलला. तिनं बघितलं, विचारलं नाही. सूनबाई शहाणी आहे. पिवळ्या पाटीपाशी अबू सालेम बादली घेऊन आला होता. कॅन त्याच्या पुढे धरला. "लो."

त्यानं घेतला. "चल, तू भी पैर डाल."

"नहीं. मैं इधर."

तो साखळी ओलांडून गेला. मी अलीकडे उभा राहिलो. तो पाणी काढायचा आणि मी वाटेवर बघायचो, कोणी येतंय का. मग रोजच तसं व्हायला लागलं. जन्मभर ज्यांच्या मागे लागलो त्यांच्यातल्या एकाची मी राखण करत होतो. त्याला परवानगी होती, असं तो म्हणायचा. कागद मी अजून बघितलेला नाही.

भरलेला कॅन गाडीपर्यंत दोघं मिळून न्यायचो, एक मूठ त्याच्या हातात, बूड माझ्या. बोलणं फार नसायचं. एकदा त्यानं विचारलं, तुमच्या कालव्यात पाणी गोड असतं, तर लोक ते काय करतात? म्हटलं, भांडतात.

मी निघायच्या थोडं आधी नावं आली. संजयचं होतं. त्या दिवशी तो टेबलावर बसून जेवताना माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आण्णा, तुम्ही नीट राहिलात हं." मी भाजी वाढून घेतली.

शेवटच्या सकाळी अबू सालेमला सांगितलं, उद्या जातो. तो म्हणाला, थांब, घरून काहीतरी आणतो. मी थांबलो नाही. घरी नेताना संजयनं विचारलं असतं, कोणी दिलं.

हे सगळं मी गावी आल्यावर मंडळीला सांगितलं. संजयला सांगू नकोस म्हणून बजावलं. तिनं सगळ्यातलं एकच धरलं. संध्याकाळी धारा काढून झाल्या की घमेल्यात कोमट पाणी घेते, मीठ टाकते आणि पाय सोडून बसते. बरं वाटतं म्हणते. मला शंका आहे.

काल ती अशीच बसली असताना संजयचा फोन आला. नवा प्लांट चांगला आहे, सई पहिली आली, वगैरे झालं. मग म्हणाला, "आण्णा, आमच्या नव्या गेटवर एक सिक्युरिटीवाला आहे. बरेच दिवस आपल्या लोकांना एकेकाला थांबवून विचारत होता, होडीसारखी पांढरी टोपी घालणारा म्हातारा कोणाचा बाप म्हणून."

मी उठून ओसरीवर गेलो. "मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मला माहीत नाही."

मला राग आला नाही. पोरगं कधी नव्हे ते माझ्यावर गेलं होतं.

"कशाला विचारत होता?"

"त्याच्याकडे खजुराचा डबा होता. कोणी एका म्हाताऱ्यानं त्या टोपीवाल्यासाठी दिलेला. मालक सापडेना, मग त्यानं आज गेटवरच उघडून सगळ्यांना वाटला."

"तू घेतलास?"

"घेतला एक."

"कसा होता?"

"चांगला होता."

मला वाटलं विषय संपला. मग म्हणाला, "आण्णा, म्हणजे तुम्ही पिवळ्या पाटीच्या पुढे गेला होतात."

"आवाज येत नाही रे," मी म्हणालो, आणि आत जाऊन फोन मंडळीच्या हातात दिला.

तिनं घमेल्यातले पाय हलवले, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "मला अगदी नीट येतोय. बोल बाळा, काय विचारत होतास?"